शाहीर रामजोशी आणि डफाचें ऋण

बारामती म्हटली कीं सुशिक्षित महाराष्ट्रीय कुटुंबांत प्रथम मोरोपंतांचें स्मरण होतें. कऱ्हेच्या कांठच्या या गांवीं पंतांनीं आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ घालविला, येथेंच त्यांनीं आर्याभारत रचिलें, येथेंच केकावली लिहिली, आणि १७९४ च्या चैत्रांत देह ठेविला तोहि येथेंच. ज्या घरांत सायंकाळीं परवचा म्हटला जाई, त्या घरांतील मुलांना पंतांच्या दोनचार आर्या येत नाहींत असें क्वचितच घडे. परंतु मराठी छापखाने नव्हते, शाळाखात्याचीं क्रमिक पुस्तकें नव्हतीं, अशा काळीं या आर्या गांवोगांव पोंचविल्या कोणीं, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. त्याचें उत्तर मनोरंजक आहे आणि आपणांस थोडें अडचणीचेंहि आहे. पोंचविणारांत अग्रेसर होते ते सोलापूरचे एक ब्राह्मण; आणि त्यांचा गळा तयार झाला होता तो देवळाच्या सभामंडपांत नव्हे, तर तमाशाच्या फडांत. त्या रामजोशांचें चरित्र व त्यांचें गाणें यांचा थोडा विचार आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम स्थळाविषयीं. मोरोपंत मूळचे बारामतीचे नव्हेत. त्यांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळ्यास झाला. शास्त्राध्ययनहि तेथेंच केशव व गणेश पाध्ये या बंधूंजवळ झालें. पुढें पराडकरांचें हें कुटुंब बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आलें. नाईक हे मोठे सावकार. आणि त्यांचें पेशव्यांशीं नातेंहि जवळचें. बाबूजींचे बंधु आबाजी यांची पत्नी भिऊबाई ही बाळाजी विश्वनाथांची कन्या, म्हणजे थोरल्या बाजीरावांची सख्खी बहीण. या नाईकांच्या वाड्यांत पंत पुराण सांगत व काव्य रचीत. आश्रय स्थिर, ग्रंथसंग्रह हाताशीं, श्रोते जाणते. अशा अनुकूलतेंत त्यांची प्रचंड काव्यरचना झाली. तींत एकट्या रामकथेवरच नाना छंदांत व नाना बंधनें स्वतःवर घालून घेऊन लिहिलेलीं शंभराहून अधिक रामायणें आहेत.

बारामतीच्या पूर्वेस इंदापूर तालुका लागतो. त्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा, आणि नरसिंहपूरच्या क्षेत्रीं दोघींचा संगम. पुण्याहून सोलापुराकडे जाणारा रस्ता इंदापुरावरून जातो. तुकोबारायांची पालखीहि बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर, सराटी अशी मजल दरमजल करीत पंढरीस पोंचते. तेव्हां हा मुलूख एका कवीच्या वाड्यापुरता नाहीं. वारकऱ्यांचे टाळ, जत्रेंतील तमाशाची ढोलकी आणि देवळांतील हरिदासाची वीणा यांची ही सामाईक वाट आहे. सोलापुरीं जन्मलेल्या आणि पुण्यास नांव मिळविलेल्या शाहिराची व बारामतीच्या पंडित कवीची गांठ याच मुलखांत पडावी, यांत नवल नाहीं.

रामजोशी यांच्या जन्मवर्षाविषयीं एकमत नाहीं. कोणी १७५८ देतात, कोणी १७६२. घराणें सोलापूरचें, वृत्ति जोशीपणाची. वडील बंधु मुद्गलभट हे विद्वान् म्हणून गांवांत मान्य होते. अशा घरांतील धाकट्या मुलानें पोथीपुढें बसावें, पंचांग शिकावें, भावाच्या मागें वृत्ति चालवावी, हीच घरच्यांची अपेक्षा. परंतु रामाचें मन पोथींत रमेना. सोलापुरांत धोंडी नांवाचा एक शाहीर होता. त्याच्या फडाच्या आसपास हा मुलगा घोटाळूं लागला. प्रथम नुसतें ऐकणें, मग झील धरणें, मग धोंडीला कवनें रचून देणें, आणि अखेर स्वतः बोर्डावर उभें राहणें, अशा पायऱ्यांनीं तो त्या नादांत शिरला. वडील भावानें समजाविलें, रागें भरून पाहिलें, आणि शेवटीं त्याला घराबाहेर काढिलें.

मुद्गलभटांना आज दोष देणें सोपें आहे. पण एकत्र कुटुंबांत ज्यांनीं कर्तेपण केलें आहे, त्यांना त्यांची अडचण समजेल. वृत्ति गांवकऱ्यांच्या विश्वासावर चालावयाची. ज्या घरचा मुलगा रात्रीं डफावर शृंगारिक कवनें गातो, त्या घरीं दुसऱ्या दिवशीं मुहूर्त विचारावयास कोण येईल ? एकाच्या छंदासाठीं साऱ्या घराच्या पोटावर पाय येऊं द्यावा काय ? आणि उलट बाजूनें पाहावें तर, ईश्वरानें ज्याला हा एकच गुण भरभरून दिला, त्यानें तो कोठें न्यावा ? मुद्गलभटांनीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर दिलें. दुसऱ्याचें उत्तर रामजोशांना स्वतःच शोधावें लागलें.

घराबाहेर पडलेला हा तरुण पंढरपुरीं गेला आणि तेथें त्यानें शास्त्री-पंडितांजवळ संस्कृताचें अध्ययन केलें. बाबा पाध्ये या नांवानें प्रसिद्ध असलेले, ‘धर्मसिंधु’ या ग्रंथाचे कर्ते काशीनाथशास्त्री उपाध्याय, हे त्यांचे गुरु होत अशी परंपरा आहे. घरांत असतांना जी विद्या नकोशी झाली होती, ती घर सुटल्यावर त्यांनीं हौसेनें मिळविली. ही विद्या वरवरची नव्हती. रामजोशांच्या नांवावर ‘मदालसाचंपू’ हें संस्कृत काव्य आहे. मौज अशी कीं, इतकें शिकल्यावर हा पंडित पुनः फडाकडेच वळला. मात्र आतां तो धोंडीच्या मागें झील धरणारा पोर राहिला नव्हता. काव्यशास्त्र, छंद व अलंकार यांची शिदोरी घेऊन तो डफ वाजवूं लागला होता.

तमाशाच्या गाण्याविषयीं आपल्या घरांत फारसें बोललें जात नसल्यानें, त्याची घडण थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. आरंभीं गण, म्हणजे गणेशस्तवन. मग गौळण; तींत कृष्ण व गोपी यांचा विनोद. त्यानंतर लावणी. शाहिराच्या हातीं डफ, जोडीला तुणतुण्याचा एकसुरी आधार आणि झांजेचा ठेका. ढोलकीवर नाचणारा स्त्रीवेषधारी पोऱ्या. आणि मागें उभे झीलकरी. शाहिरानें चरण संपविला कीं झीलकरी त्याचें शेवटचें अक्षर उंच स्वरांत उचलून धरतात, तेवढ्या अवकाशांत शाहीर श्वास घेतो आणि पुढला चरण जुळवितो. कलगी आणि तुरा असे फडांचे दोन पक्ष. पहिला शक्तीचा कैवारी, दुसरा शिवाचा. एकानें पद्यांत कोडें घालावें, दुसऱ्यानें तेथल्या तेथें पद्यांतच उत्तर द्यावें, नाहीं तर हार मानावी. वेदान्त, पुराणें, व्याकरण, कूटप्रश्न सर्व कांहीं या झगड्यांत येई. शृंगार हा या फडाचा एक भाग होता, सर्वस्व नव्हता.

या मांडवांत रामजोशांनीं आणलें तें संस्कृताचें शब्दभांडार आणि यमकांचा पाऊस. त्यांच्या लावणींत चरणाच्या शेवटींच काय, मध्येंहि दर दोनतीन शब्दांनीं तोच ध्वनि परत येतो. वाचतांना हें कोणाला कृत्रिम वाटेल. पण डफाची थाप मनांत धरून म्हणून पाहावें, म्हणजे प्रत्येक यमक बरोबर थापेवर पडतें, हें ध्यानांत येतें. सोलापूर म्हणजे कानडी मुलुखाची सीमा. त्यामुळें मराठीबरोबर कानडी, हिंदुस्थानी आणि चक्क संस्कृत अशा भाषांची सरमिसळहि त्यांच्या कवनांत सांपडते. शृंगाराच्या लावण्यांबरोबर देवस्थानांचीं वर्णनें, संसाराची नश्वरता, भोंदू साधूंची उघड थट्टा, असेहि विषय त्यांनीं हाताळले. विसाव्या शतकाच्या आरंभीं शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं या लावण्या एकत्र करून छापल्या, म्हणून त्या आज आपणांस वाचावयास मिळतात.

आतां बारामतीच्या भेटीकडे वळूं. परंपरेनें आलेली हकीकत अशी : रामजोशांचा फड बारामतीस आला. त्यांच्या कवित्वाची कीर्ति पंतांच्या कानीं गेली होती. पंतांनीं तें कवन ऐकलें, त्या वाणीचें सामर्थ्य ओळखलें, आणि शाहिराला सांगितलें कीं ही वाणी हरिकथेस लाव. रामजोशांनीं त्याच वेळीं डफ फोडून टाकिला, तमाशा सोडला, व ते कीर्तनकार झाले. पंत १७९४ सालीं निवर्तले, तेव्हां ही भेट त्यापूर्वींची. त्या वेळीं रामजोशांचें वय फार तर पस्तिशीचें असावें. त्यानंतर १८१२ च्या सुमारास मृत्यु येईपर्यंत त्यांनीं कीर्तनें केलीं, आणि त्यांत मोरोपंतांच्या आर्या गाऊन त्या घरोघरीं नेल्या. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत पुण्यास शाहीर व हरिदास या दोघांनाहि श्रोता भरपूर होता.

पंतांच्या आर्यांचा प्रसार रामजोशांनीं केला, याविषयीं वाद नाहीं. परंतु डफ फोडण्याची जी गोष्ट आहे, तिच्याकडे जरा बारकाईनें पाहिलें पाहिजे. अगदीं अशीच गोष्ट संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) यांच्याविषयीं सांगतात. फंदीहि ब्राह्मण, फंदीहि तमासगीर. त्यांना अहिल्याबाई होळकरांनीं उपदेश केला, आणि त्यांनींहि डफ टाकून कीर्तन धरिलें. दोन ब्राह्मण शाहीर, दोन थोर व्यक्तींचा उपदेश, आणि दोन्ही ठिकाणीं डफाचा त्याग ! दोन्ही घटना घडल्या नसतील असें मी म्हणत नाहीं. पण अशा गोष्टी आपल्या घरांत इतक्या आवडीनें कां सांगितल्या गेल्या, याचें कारण उघड आहे. त्यांत वाट चुकलेला मुलगा घरीं परत येतो. फड मागें राहतो, आणि त्याच्याशीं आपला हिशेब चुकता झाला, असें समजून आपण स्वस्थ होतों.

परंतु हिशेब चुकता होत नाहीं, आणि याचें प्रमाण आर्येंतच आहे. पंतांच्या ज्या रचनेला आपण सरसकट आर्या म्हणतों, ती बहुतांशीं गीति होय. गीतीच्या प्रत्येक अर्धांत तीस मात्रा असतात, बारा आणि अठरा अशा. या मात्रा चार-चारांच्या गणांनीं चालतात; असे सात गण झाले कीं शेवटीं एक गुरु. त्या गुरूनंतर दोन मात्रांचा विसावा घेतला म्हणजे बत्तीस मात्रा भरतात. बत्तीस म्हणजे आठ मात्रांचीं चार पूर्ण आवर्तनें; आणि आठ मात्रांचें आवर्तन हीच लावणीची अतिपरिचित चाल. कागदावर अवघड दिसणारी, लांब समासांनीं भरलेली पंतांची ओळ ठेक्यांत कशी बसवावी, श्वास कोठें घ्यावा, कोणतें अक्षर उचलून धरावें म्हणजे मागच्या रांगेंतील माणसाला अर्थ लागेल, हें ज्ञान रामजोशांना कोणत्या पाठशाळेंत मिळालें असेल ? पंढरपुरीं त्यांना आर्येचा अर्थ लावतां येऊं लागला. ती हजार माणसांना ऐकवितां आली, ती मात्र धोंडीच्या फडांत घालविलेल्या रात्रींमुळें. कथेंत डफ फुटला तरी त्याची लय त्यांच्या गळ्यांत शिल्लक होतीच.

मीं स्वतः कित्येक वर्षें मराठी व संस्कृत शिकविलें. वर्गांत पंतांची आर्या नुसती वाचून दाखविली कीं मुलें जांभया देत. तीच टाळीवर म्हणावयास लावली कीं तिसऱ्या वेळीं ती पाठ होई, आणि पाठ झाल्यावर अर्थ विचारण्याची इच्छाहि उत्पन्न होई. रामजोशांनीं मोठ्या प्रमाणावर केलें तें हेंच असावें, असें मला वाटतें.

डफाला कनिष्ठ मानावयाचें आणि त्याच्या लयीवर मात्र पोसावयाचें, ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाहीं. हल्लीं नातवंडांच्या खोलींतून नाना देशांचीं गाणीं ऐकूं येतात. त्यांतच ‘झूक’ नांवाचें एक संगीत आहे. अमेरिका खंडाच्या मध्यावरील समुद्रांत ग्वाडेलूप व मार्टिनिक हीं फ्रेंच अमलाखालील बेटें आहेत. तेथें आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचे वंशज राहतात. त्यांच्या क्रिओल बोलींत ‘झूक’ म्हणजे नाचगाण्याचा जमाव. तमाशा हा शब्दहि असाच. अरबी-फारसींतून आलेला, मूळ अर्थ पाहण्याजोगा देखावा, आणि पुढें त्याच जमावांतील कलेचें तें नांव झालें. १९७९ सालीं स्थापन झालेल्या ‘कसाव’ नांवाच्या वाद्यवृंदानें झूक जगापुढें आणलें. त्याच्या मुळाशीं ग्वाडेलूपचा ‘ग्वो का’ हा गुलामांचा ढोल होता. सभ्य लोक ज्याला दाराबाहेर ठेवीत, त्याच ढोलाला २०१४ मध्यें युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

तें संगीत पुढें समुद्र ओलांडून आफ्रिकेंत परत गेलें. गॅबन देशाचा ऑलिव्हर एन्गोमा (१९५९–२०१०) हा तेथील एक नामांकित झूक गायक. ‘बाने’ या त्याच्या गाण्यानें १९९० च्या सुमारास साऱ्या आफ्रिकेंत त्याचें नांव झालें. राज्यकारभाराची भाषा फ्रेंच असतां त्यानें आपल्या लुंबू या मातृभाषेंत गाइलें; आणि ती भाषा ज्यांना एक अक्षर कळत नव्हती, तेहि त्या गाण्यावर नाचले. बोली लहान म्हणून गाणें लहान होत नाहीं, हें अठराव्या शतकांतील सोलापूरकर शाहिराला कोणी सांगावें लागलें नसतें.

आतां मूळ विषयाचें अधिक महत्त्वाचें अंग. रामजोशांना डफ ठेवून वीणा घेतां आली. त्यांना संस्कृत शिकविणारे गुरु मिळाले. कीर्तनास उभें राहतांना त्यांना देवळाची पायरी कोणी नाकारली नाहीं. पंडित कवीनें त्यांना बरोबरीचा मान दिला. धोंडीला ही दुसरी वाट होती काय ? रामजोशी गेल्यावरहि फड चालू राहिले, आणि ते चालविले ते बहुतांशीं, समाजानें ज्यांना गांवकुसाबाहेर ठेविलें, त्या जातींतील स्त्रीपुरुषांनीं. लावणी जिवंत राहिली ती त्यांच्या कष्टांवर. आणि त्यांना कीर्तनाचा मंडप कोणी देऊं केला नाहीं.

आपल्याच पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत नारायणगांव आहे. तेथील विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर यांचें चरित्र रामजोशांच्या शेजारीं ठेवून वाचावें. १९३५ सालीं पंढरपुरीं जन्म, घराण्याचाच फड, लहानपणापासून पायांत घुंगरू. दिवस भरलेले असतांना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, पडद्यामागें प्रसूत झाल्या आणि पुनः प्रेक्षकांसमोर आल्या, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे. १९५७ आणि १९९० सालीं त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. २००२ च्या जानेवारींत त्या वारल्या, तेव्हां रुग्णालयाचा खर्च मात्र देणगीदारांच्या साहाय्यानें भागवावा लागला. २००६ पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नांवें तमाशा-कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देत आहे. रामजोशी ज्या पंढरींत संस्कृत शिकले, त्याच पंढरींत विठाबाईंचा जन्म झाला. पण फडाबाहेर नेणारा रस्ता एकाला होता, दुसरीला नव्हता. गुण दोघांचेहि ईश्वरदत्तच.

रामजोशांची गोष्ट सुशिक्षित घरांत पुनः शिरली ती १९४७ सालीं, बोलपटाच्या द्वारें. राजकमल कलामंदिराच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटांत जयराम शिलेदारांनीं शाहिराची व हंसा वाडकरांनीं नर्तकीची भूमिका केली, कथा-गीतें ग. दि. माडगूळकरांचीं, संगीत वसंत देसाईंचें. ज्या घरांतील मंडळी तमाशाच्या तंबूकडे पाहतहि नसत, त्या घरांतील सासवा-सुनांनीं चित्रपटगृहांत बसून लावणी ऐकली आणि घरीं येऊन गुणगुणली. पडद्यावर आली म्हणजे जी कला शुद्ध होते, ती बोर्डावर अशुद्ध कशी ? हा प्रश्न त्या पिढीनें मोठ्यानें विचारला नाहीं. आपण विचारावयास हरकत नाहीं.

सर्वच लावण्या मुलाबाळांत बसून ऐकाव्या, असें मी म्हणत नाहीं. निवड ही सर्वच वाङ्मयांत करावी लागते. संस्कृत काव्यांतहि ती करावी लागते, हें शिकविणारांना ठाऊक आहे. म्हणणें इतकेंच कीं, मोरोपंतांचा वारसा सांगतांना रामजोशांचें नांव घ्यावें, आणि रामजोशांचें नांव घेतांना धोंडीचें विसरूं नये. घरांत आर्या शिकवावयाची असेल तर मुलांना टाळी धरूं द्यावी. आणि इंदापूर-बारामतीकडील एखाद्या गांवच्या जत्रेंत फड उभा राहिलेला दिसला, तर तिकीट काढून बसावें, वग संपेपर्यंत ऐकावें, व गाणाऱ्या बाईंना “बाई” म्हणून, वाजविणाऱ्यांना “बुवा” म्हणून आदरानें हांक मारावी. पंतांनीं बारामतीस एका तमासगिराचें कवन मान देऊन ऐकलें, म्हणून आपणांस एक हरिदास मिळाला.